डाव्या सीटवरची घेरी

"वैजू, रस्ता हलतोय काय गो?"

आप्पांनी हे विचारलं तेव्हा गाडी थांबलेली होती. कुंभार्ली घाटातलं मोठं वळण संपतं तिथे, कठड्याला लागून. आप्पा खाली उतरले होते आणि कठडा घट्ट धरून उभे होते.

मी माहेराहून, कराडहून येत होते. माझी एसटी घाटमाथ्यावर बंद पडली. आप्पा नेमके शिकाऊ पोरांना घेऊन वर आलेले, म्हणून मी त्यांच्या गाडीत मागे दोघांच्या शेजारी कोंबून बसले होते आणि चक्क पेंगत होते.

"रस्ता कसा हलेल, आप्पा?" मी म्हटलं. "काय होतंय? पाणी देऊ?"

स्टेअरिंगवर खेडेकरांची नमिता होती, तिला त्यांनी विचारलं, "तुला काही वाटलं? गाडी झुलल्यासारखी?"

"नाही सर. मस्त चाललीय."

"बरं. मग चल."

ते पुन्हा डाव्या सीटवर जाऊन बसले. नमिताने गाडी काढली, आणि अख्खा घाट उतरेपर्यंत तिचा डावा पाय क्लचवर ठेवलेला होता. आप्पा काही बोलले नाहीत. तिथेच माझी झोप उडाली.

आप्पा म्हणजे माझे सासरे, दत्ताराम शिर्के. चिपळुणात त्यांचा ड्रायव्हिंग क्लास. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली गाडी शिकलं आणि तेवढ्या सगळ्यांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या. शिकवण्याच्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, उजवीकडच्यांना जोडलेले. शिकणाऱ्याने नुसता पाय टेकवला तरी डावीकडचा पेडल खाली जातो. मग आप्पांचा आवाज यायचा, "क्लच म्हणजे पायपुसणं आहे काय रे?" मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही त्यांनीच शिकवलं. मी घाटावरची, म्हणून मला "घाटीण" म्हणायचे. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायचे ते सोडा. पण शिकवलं असं, की पुढे गावातल्या बायकांना मीच शिकवायला लागले. घाटाचा धडा मात्र त्यांचाच. तो त्यांनी कुणाला दिला नव्हता.

असा माणूस क्लचवर पाय दिसूनही गप्प बसला.

घरी आल्यावर कळलं, हे उन्हाळ्यापासून चाललंय. घाटात वळण आलं की त्यांना घेरी यायची. सगळं एका अंगाला कलायचं आणि परत जागेवर यायला उशीर लागायचा. आधी त्यांना संशय आला तो गाडीचाच. म्हणून त्यांनी ती परकारभाईंना दाखवली. नझीर परकारांचं गॅरेज आमच्या घरामागेच. त्यांनी टायर बघितले, ब्रेक बघितला, स्टेअरिंग, शॉकअप सगळं बघितलं, हायवेला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मास्तर, गाडी नवरीसारखी आहे."

गाडी ठीक, म्हणजे राहिलं काय? आप्पांचं डोकं. डॉक्टरांनी कान तपासले, रक्तदाब बघितला, साखर बघितली, सगळं बरोबर निघालं. तरी "वयाचं असतं" म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आप्पा दुपारभर झोपायला लागले.

"एवढं काय मनाला लावून घेतलंय ह्यांनी?" मी सासूबाईंना विचारलं. आम्ही मागच्या पडवीत वाळत घातलेले कपडे उचलत होतो.

"तुला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं. आधी घेरी. मग एक दिवस डावं अंग गेलं. कित्येक वर्षं खाटेवर होते ते. ह्यांनी आपल्या हाताने भरवलंय त्यांना."

मग मला कठडा धरलेले ते हात आठवले. तेव्हा आप्पा आपल्या भावाच्या खाटेकडे बघत होते.

श्रावण गेला, गणपती गेले. आप्पांचं ओरडणं पार बंद झालं. आमटीत मीठ जास्त झालं तरी निमूट जेवायचे. माझा नवरा संदेश कचेरीतून आला की म्हणायचा, "घरात किती शांतता आहे! आप्पा आता निवळले."

"निवळले नाहीत, घाबरलेत," मी म्हटलं.

"तेच सांगतोय. स्वतः घाबरलेल्या माणसाने दुसऱ्यांची पोरं घाटात न्यावीत? काही झालं तर त्यांच्या आईबापांना काय सांगणार तू? यंदा दसऱ्याची गाडी मी चालवतो."

दसऱ्याची गाडी म्हणजे आमच्या क्लासचा रिवाज. पूजा झाली की नव्या बॅचला घेऊन घाटमाथ्यावरच्या देवीला जायचं. त्या एका दिवशी मास्तर गाडी चालवतो आणि शिकणारे बसून बघतात. रस्त्यावरची दुकानं बघतात, रिक्षावाले बघतात, मास्तरांनी शिकवलेले एसटीचे ड्रायव्हर हॉर्न देतात. ती गाडी दुसऱ्याने चालवायची म्हणजे गावाला सांगायचं, शिर्के मास्तर संपले. संदेशचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

आप्पांनी ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"घाटाचा धडा आजपासून तू घे."

"आप्पा—"

"घे म्हटलं ना." तेही हळू आवाजात. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेले. नमिता चालवायला, मागे तीन पोरं, मी डाव्या सीटवर. पोफळी सोडली, चढ लागला, आणि पहिलं मोठं वळण आलं. गाडी बाहेरच्या अंगाला कलली, कलत राहिली, आणि वळण संपल्यावर सावकाश, नाइलाज असल्यासारखी सरळ झाली. माझ्या हातात धरायला स्टेअरिंग नव्हतं. डोकं गरगरलं. आई शप्पत, पहिला विचार हा आला, की सासऱ्याची घेरी सुनेला लागली की काय!

दुसरा विचार यायला अजून एक वळण जावं लागलं. कललेली गाडी सरळ होताना खालून आवाज आला. टक्.

"नमिता, थांबव."

"काय चुकलं मॅडम?"

"तुझं काही नाही. उतरा सगळे."

पोरांना कठड्याशी उभं केलं आणि मी एकटीने ते वळण घेतलं. गाडी जराशी झुलली, एवढंच. परत आले, चौघांना आत भरलं, नमिताला डावीकडे बसवलं आणि तेच वळण घेतलं. गाडी होडीसारखी कलली आणि परत टक्. परकारभाई हायवेला एकटेच सरळ गेले होते आणि सरळ आले होते. त्यांना काय कळणार? मी गावात बायकांना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बाजारपेठेतून फिरवायचे, मला काय कळणार? आणि नमिता आयुष्यात दुसऱ्या गाडीत बसलीच नव्हती. तिला वाटायचं, गाड्या अशाच चालतात. भरल्या गाडीने, घाटात, डाव्या सीटवर बसणारा माणूस एकच होता.

मी तिथेच रस्त्यावर पोत्याचा तुकडा टाकून गाडीखाली डोकं घातलं. पोरं खुसुखुसु हसत होती, हसू देत.

पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा, दोन्ही टोकांना वाकवलेला लोखंडी दांडा असतो. स्टॅबिलायझर बार म्हणतात. वळणावर गाडीची एक बाजू दबायला लागली की हा दांडा पिळला जातो आणि तिला फार कलू देत नाही. त्याचं काम तेवढंच, आणि ते नुसत्या वळणावर. हा दांडा गाडीच्या सांगाड्याला दोन जाड रबरांत पकडलेला असतो, त्यांना बुश म्हणतात. टोकांना छोट्या लिंका, त्यांनाही रबरं. मी बुशला बोट लावलं, तर बोट आत गेलं. चहात बुडवून विसरलेल्या बटरासारखं ते रबर फुगलं होतं आणि हाताला काळं लागत होतं. दांडा आपल्या जागेत खुळखुळत होता. रबरच धरत नव्हतं, तर तो बिचारा गाडीला काय धरणार?

मी गाडीखाली पडल्या पडल्या हसले. आप्पांचं डोकं ठणठणीत होतं!

गॅरेजात परकारभाईंनी गाडी वर चढवली, पहार लावून दांडा हलवला आणि कपाळाला हात लावला.

"वैजूताई, मी सगळं बघितलं होतं. ह्याच्याकडे नाही बघितलं. ह्याने गाडी बंद पडत नाही ना, म्हणून कुणी बघत नाही."

"पण रबरं अशी कशी झाली? रबर सुकतं, चिरतं. हे तर फुगलंय."

"तेल प्यायलंय. रबराला तेल म्हणजे विष."

"तेल कुठून आलं?"

त्यांनी गाडीच्या पोटाकडे बोट दाखवलं. सगळं पोट काळंकुळीत, तुकतुकीत. मग मलाही कळलं. आमच्या कोकणात पाऊस पत्रा खातो, म्हणून गाडी धुतली की खालून जळक्या ऑईलचा फवारा मारून घेतात. सगळेच घेतात, आणि आप्पा तर व्रत घेतल्यासारखे. गाडी वीस वर्षं टिकली ती ह्या तेलामुळे, असं ते सगळ्या गावाला सांगायचे.

"तुम्ही सांगा त्यांना," मी म्हटलं.

"मी? छे! मला गाडी त्यांनी शिकवली. तुम्ही सांगा, तुम्ही सून."

"सून म्हणून तर सांगता येत नाही!"

शेवटी ठरलं, तेलाचं सांगायचंच नाही. कोल्हापूरहून नवी रबरं आणि लिंका मागवल्या. परकारभाईंनी दांड्यावरचं तेल पुसून काढलं, बुश कोरडे बसवले. गाडी खाली उतरवून चारही चाकांवर उभी केली, आणि मगच बोल्ट शेवटचे आवळले, नाहीतर रबर पिळून बसतं. मी भरल्या गाडीने घाटात जाऊन आले. वळणाला गाडी जेवढी कलायची तेवढी कलली आणि लगेच सरळ झाली. मी घरी येऊन जाहीर केलं, "आप्पा, गाडीतच दोष होता. खालचे बुश गेले होते, बदलले. तुम्हाला काही झालेलं नाही."

"गेले होते? कशाने?"

"जुने झाले होते," मी म्हटलं.

"मागच्याच वर्षी बदललेत ते," आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू सून खोटं बोलून सासऱ्याची समजूत काढते आहे. संदेश म्हणाला, "गाडीत दोष होता म्हणजे आप्पांच्यात नाही, असं कुठे ठरतं? दोन्हीकडे असू शकतो." आप्पांनी मान हलवली. झालं! मुसळ केरात.

खंडेनवमीला दुपारी बघते तर गाडी दारात नाही.

"धुवायला नेली," सासूबाई म्हणाल्या. "उद्या पूजा ना."

मी चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही. वॉशिंग सेंटर बाजारपुलापलीकडे. मी धापा टाकत पोचले तेव्हा गाडी रॅम्पवर होती, आणि तिथला गजा फवाऱ्याची नळी हातात घेऊन खाली वाकला होता.

"थांब! गजा, हात लावशील तर बघ!"

"वहिनी, ऑईल मारतोय फक्त. मास्तर हल्ली दर शनिवारी—"

"दर शनिवारी?" मी आप्पांकडे वळले. "महिन्यातून एकदा मारायचात ना?"

आप्पांनी नजर चुकवली. "दसऱ्याला गाडी खालून कोरडी ठेवू? काय झालंय काय तुला?"

आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. "आप्पा, ह्या तेलाने रबरं गेली. तेल पिऊन लोण्यासारखी झाली होती, म्हणून गाडी कलत होती. परकारभाईंकडे ठेवलीत अजून, बोटाने दाबून बघा. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही."

गजाने नळी खाली ठेवली आणि कुणाची तरी मोटारसायकल धुवायला लागला.

आप्पा म्हणाले, "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे, पण मला अक्कल नाही, असं म्हणायचंय तुला?"

"होय," माझ्या तोंडून निघून गेलं.

ते चालत घरी गेले. वाटेत परकारांच्या गॅरेजात शिरलेले मला लांबून दिसले. रात्री जेवले नाहीत.

दसऱ्याला सकाळी गाडीची पूजा झाली. झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबं, नारळ, सगळं आप्पांनीच केलं. तीन नवी पोरं नव्या कपड्यांत उभी. मग आप्पांनी स्वतःच किल्ली संदेशपुढे धरली.

"तू ने."

"आप्पा, आता तर सिद्ध झालं ना!" मी म्हटलं.

"काय सिद्ध झालं? मी आपल्या हाताने गाडी बिघडवली, आणि दोष डोक्याला दिला. असला मास्तर काय कामाचा?"

संदेशने किल्ली घेतली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"न्या की तुम्ही," मी नवऱ्याला म्हटलं. "गेल्या वर्षी रिव्हर्स घेताना अंगणातलं तुळशीवृंदावन पाडलंत. त्यात एक तुळस गेली. आज तीन जणांची पोरं मागे बसणार आहेत. न्या."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. संदेश लाल झाला आणि त्याने किल्ली परत आप्पांच्या हातात ठेवली. तो मोटारसायकलवरून मागून आला, अख्खा घाट.

आप्पा घाट चढायला लागले. मी डाव्या सीटवर त्यांचे हात बघत होते. मोठं वळण आलं, त्यांनी स्टेअरिंग घट्ट धरलं. गाडी वळली आणि सरळ झाली. पुढचं वळण, तसंच. त्याच्या पुढच्याला त्यांची बोटं जरा सैल झाली.

घाटमाथ्यावर पोरं नारळ घेऊन देवीकडे गेली. आप्पा स्टेअरिंगवरच बसून राहिले.

"दर शनिवारी तेल का हो, आप्पा?" मी विचारलं.

ते समोर बघत म्हणाले, "मे महिन्यात पहिल्यांदा गरगरलं. म्हटलं, आलं आपलंही भाऊसारखं. मी पडलो की क्लास तुझ्याच गळ्यात येणार. तुला गंजकी गाडी द्यायची काय? म्हणून दर शनिवारी मारून घेत होतो. जेवढं जास्त गरगरायचं तेवढं जास्त तेल."

मी तोरणाचं एक झेंडूचं फूल उगीच कुस्करत बसले.

"उतरताना तू घे," ते म्हणाले.

"का? गरगरतंय?"

"उजवीकडे बसून कुणालाच काही होत नाही. हातात स्टेअरिंग असतं. मला डावीकडे बसून बघायचंय."

जागा बदलल्या. पोरं प्रसादाचं खोबरं खात मागे बसली. गाडी उतरायला लागली तसे आप्पा ताठ झाले. एक हात दाराच्या कडीवर, नजर समोर. मोठं वळण जवळ आलं आणि त्यांनी श्वास रोखलेला मला कळला. मी काय केलं, डावा पाय उचलला आणि अलगद क्लचवर टेकवला.

त्यांच्या पायाखालचा पेडल खाली गेला.

"पाय काढ! क्लच म्हणजे पायपुसणं आहे काय गो, घाटिणी? एवढी वर्षं शिकवलं ते काय गटारात गेलं? उतारावर क्लचवर पाय! मागे पोरं बसलीत, काय शिकतील तुझ्याकडून? आणि आरशात कोण बघणार, तुझा बाप?"

मागची पोरं खोबरं चावायची थांबली. मोठं वळण मागे गेलं होतं, त्याच्या पुढचंही गेलं. आप्पांनी दाराची कडी केव्हाच सोडली होती आणि दोन्ही हातांनी मला गिअर कसा टाकायचा ते दाखवत होते. मला रस्ता धूसर दिसायला लागला.

"आता रडतेस काय? मास्तरीण ना तू? एवढं बोललं की रडायचं?"

"नाही आप्पा," मी पदराने डोळे पुसत म्हटलं. "ओरडा तुम्ही."